आज किती गेली?

२०१९ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी उठल्या उठल्या फोन बघितला, बातमी वाचली आणि काही विचार करायच्या आधीच तोंडातून निघून गेलं, “ऑपॉर्च्युनिटी गेली.” आई पलीकडे खुर्चीत बसली होती. तिच्या कानांवर बहुतेक शेवटचा शब्दच पडला. ती दचकून अर्धवट उठली. “कोण गं? कोण गेलं?” चेहरा एका क्षणात उतरलेला, हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट. मी घाईघाईने म्हटलं, अगं कुणी नाही, मंगळावरची ती गाडी. तिने सुस्कारा सोडला, परत मागे टेकली आणि जरा चिडूनच म्हणाली, “मग बंद पडली म्हण ना. गेली काय म्हणतेस!”

तिचं चुकीचं नव्हतं. घड्याळ बंद पडतं, पंखा बंद पडतो, माणूस जातो. भाषेने ही वाटणी करून ठेवली आहे ती उगाच नाही. मी तिची माफी मागितली. पण दिवसभर कामं करताना मनातल्या मनात ते वाक्य तिच्या पद्धतीने म्हणून बघत होते, ‘ऑपॉर्च्युनिटी बंद पडली’, आणि ते काही केल्या जिभेवर बसेना. मंगळाचे नव्वद दिवस चालावी म्हणून बनवलेली गाडी चौदा वर्षं चालली. तिला बंद पडली म्हणताना तिच्यावर कसला तरी ठपका ठेवल्यासारखं वाटत होतं. आणि गेली म्हणावं तर आईचा तो उतरलेला चेहरा डोळ्यांपुढे यायचा. घरात खरंच कुणी गेल्यावर जो शब्द आपण आवाज खाली आणून, जपून उच्चारतो, तो मी एका यंत्रासाठी इतक्या सहज वापरला, याची लाज वाटायची.

ही बोच बरीच वर्षं राहिली.

हळूहळू लक्षात आलं, की तो शब्द त्या सकाळी माझ्या तोंडात नव्याने आलेलाच नव्हता. तो तिथे आधीपासून राहत होता. मंगळावरच्या रोव्हरच्या मागावर असणाऱ्या आम्हा लोकांचा दिवसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आज किती गेली? स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी २००४ च्या जानेवारीत तीन आठवड्यांच्या अंतराने उतरल्या आणि त्यांनी पाठवलेली छायाचित्रं जशी येतील तशी, कच्चीच, सगळ्यांसाठी खुली व्हायला लागली. शास्त्रज्ञ जे बघत होते तेच थोड्या वेळाने आपणही बघत होतो. काळी-पांढरी चौकोनी चित्रं, सोबत कॅमेऱ्याचं नाव आणि सोलचा आकडा. सोल म्हणजे मंगळाचा दिवस, आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी लांब. त्यामुळे तिथली सकाळ आपल्या घड्याळात रोज पुढे पुढे सरकत जाते, आणि कधी चित्रं भल्या पहाटे येतात, कधी ऐन कामाच्या वेळी. मी आधी कालचं चित्र उघडायचे, मग आजचं. काल डाव्या कडेला दिसत होता तो चपटा दगड आज समोर आला असेल तर गेली. तिथेच असेल तर नाही गेली. एखाद्या खडकावर यांत्रिक हात टेकवून बसली असेल. मग कुठूनतरी आकडा मिळायचा. चोवीस मीटर. साठ मीटर. आणि मी तो घरात मोठ्याने सांगायचे, “आज साठ मीटर गेली!” ऐकणारं कुणी असो वा नसो.

मंगळाची रंगीत, भव्य, सांधून सजवलेली दृश्यं सगळ्यांना आवडतात, मलाही आवडतात. पण माझा जीव या कच्च्या चित्रांमध्येच आहे. त्यांत कुणी काही निवडलेलं नसतं. चाकाचा तुकडा, वाळूवर पडलेली खांबाची सावली, अर्धं आभाळ, काहीच न घडणारा एक उतार. गाडीच्या खांबावर डाव्या-उजव्या डोळ्यांसारखे दोन कॅमेरे असतात. त्यांची दोन चित्रं एकावर एक ठेवायची, एक लाल आणि एक निळसर करायचं आणि त्याच रंगांच्या काचांचा कागदी चष्मा डोळ्यांवर चढवायचा. पहिले काही क्षण नुसता गोंधळ दिसतो, डोळ्यांना ताण पडतो. मग एकदम सगळं जागेवर बसतं. समोरचा दगड पडद्यातून वर उचलून येतो, त्याच्यामागे खड्डा खोल जातो, लांबची टेकडी खरोखर लांब होते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नकळत हात पुढे केला होता. त्या दगडाला आजवर कुणीच हात लावलेला नव्हता आणि तरी तो माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर होता. खाली जेपीएलमध्ये, म्हणजे या गाड्या चालवणाऱ्या नासाच्या प्रयोगशाळेत, गाडीचा मार्ग आखणारी माणसंही खोली दाखवणारे चष्मे घालून असाच उतार बघत बसतात, हे नंतर कळलं. खूप बरं वाटलं.

‘किती गेली’ या प्रश्नाने जीव सर्वांत जास्त खाल्ला तो स्पिरिटच्या वेळी. २००६ मध्ये तिचं पुढचं उजवं चाक फिरायचं थांबलं. तेव्हापासून ती उलटी चालायची, अडकलेलं चाक मागून फरफटत. लंगडत जायची, असंच आम्ही म्हणायचो, आणि त्या शब्दाला आईनेसुद्धा कधी हरकत घेतली नाही. त्या फरफटीने जमिनीत एक चर पडत जायचा. २००७ मध्ये एका ठिकाणी त्या चरातून लाल मातीखालची पांढरीशुभ्र माती वर आली. तपासली तर जवळजवळ निखळ सिलिका, नव्वद टक्क्यांच्या आसपास. पृथ्वीवर अशी सिलिका गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी, भूगर्भातून वाफा निघतात तिथे साठते. म्हणजे एके काळी तिथे गरम पाणी किंवा वाफ होती, आणि हे कळलं ते मोडक्या चाकामुळे. चांगलं चाक त्या मातीवरून अलगद गेलं असतं. ते चित्र माझ्याकडे अजून आहे: दोन सरळ, नक्षीदार चाकोऱ्या आणि शेजारी एक ओबडधोबड, खरवडलेली, पांढरी.

पुढे २००९ मध्ये तिची चाकं वरचा पातळ पापुद्रा फोडून खालच्या भुसभुशीत वाळूत रुतली. जेपीएलमध्ये तशीच माती कालवून, तशीच गाडी तीत रुतवून, बाहेर काढायच्या युक्त्या महिनोन् महिने करून बघितल्या. मग प्रत्यक्ष आज्ञा जायला लागल्या. चाकं काही मीटर फिरायची आणि गाडी सरकायची ती काही मिलिमीटर. त्यातही थोडी खालीच. तरी आम्ही विचारायचोच, आज किती गेली? आणि उत्तर मिलिमीटरमध्ये यायचं आणि आनंद व्हायचा. मग आणखी एक चाक निकामी झालं. हिवाळा तोंडावर आला होता, आणि पाठीवरची सौरपटलं सूर्याकडे कलतील अशी वळायला तिला जागाच उरली नव्हती. २२ मार्च २०१० नंतर तिचा आवाज आला नाही. पुढे वर्षभर जेपीएलमधली माणसं तिला हाका मारत राहिली.

मराठीत आणखी एक अडचण आहे, तो, ती की ते. बातम्यांमध्ये ‘रोव्हर उतरला’ असं येतं. यंत्र म्हटलं की ते. पण गाडी म्हटली की ती, आणि नावं तरी काय, स्पिरिट, ऑपॉर्च्युनिटी! ही दोन्ही नावं निबंध स्पर्धेतून एका नऊ वर्षांच्या मुलीने सुचवली होती. सायबेरियात जन्मलेली, अनाथाश्रमात राहिलेली, मग अमेरिकेत दत्तक आलेली मुलगी. आश्रमातल्या अंधाऱ्या रात्री आभाळाकडे बघून बरं वाटायचं, असं तिने निबंधात लिहिलं होतं. हे वाचल्यापासून मी त्या गाड्यांना ‘ते’ म्हणू शकले नाही. आई मात्र वर्षानुवर्षं ‘ते तुझं मंगळावरचं’ असंच म्हणायची.

ऑपॉर्च्युनिटी वेगळी होती. तिच्या बाबतीत आम्ही काळजी करायचं जवळजवळ विसरून गेलो होतो. २००५ मध्ये तीही एका वाळूच्या वळीत पाचेक आठवडे अडकली आणि निघाली. २००७ चं धुळीचं वादळ तिने सोसलं. खांद्याचा सांधा आखडला तेव्हा हात पुढे धरूनच ती चालू लागली. शेवटच्या काही वर्षांत तिची कायमची स्मृती दगा द्यायला लागली. झोपण्याआधी दिवसभराचं सगळं पाठवून टाकलं नाही, तर सकाळी काहीच आठवायचं नाही. मग तेही अंगवळणी पडलं, दिवस मावळायच्या आत सांगून टाकायचं. २४ मार्च २०१५ रोजी तिने मॅरेथॉनचं अंतर पुरं केलं, ४२.१९५ किलोमीटर, अकरा वर्षं आणि दोन महिन्यांत. त्या दिवशी मी आकडा सांगितला तेव्हा आई म्हणाली होती, “एवढं चाललं ते?” आणि हातातलं काम थांबवून क्षणभर बसली होती.

जून २०१८ मध्ये पुन्हा वादळ उठलं आणि बघता बघता त्याने सगळा ग्रह झाकून टाकला. ऑपॉर्च्युनिटी तेव्हा एन्डेव्हर विवराच्या काठावर, आतल्या उतारावर होती. तिच्या शेवटच्या निरोपावरून पुढे एक वाक्य जगभर फिरलं, बॅटरी संपत आली आहे आणि अंधार पडतो आहे, अशा अर्थाचं. लोक ते वाचून रडले. मीही डोळे पुसले. पण ते तिचे शब्द नव्हते; शास्त्रज्ञांनी सांगितलेल्याचा एका पत्रकाराने केलेला तो अनुवाद होता. तिने पाठवले होते ते आकडे. वातावरणाची अपारदर्शकता १०.८, दिवसभरात मिळालेली वीज २२ वॉट-तास. सुरुवातीच्या दिवसांत हाच दुसरा आकडा नऊशेच्या आसपास असायचा. मला विचाराल तर ते दोन आकडे त्या वाक्यापेक्षा जास्त जिव्हारी लागतात. अंधारात बसून, आपल्याकडे उरलेल्या तुटपुंज्या विजेतला थोडा वाटा खर्चून, तिने अंधार किती आहे ते मोजलं आणि कळवलं. त्यासोबत एक चित्रही होतं. सूर्याकडे कॅमेरा करून घेतलेलं; सूर्य त्यात नाही. नुसती करडी-काळी चौकट आणि तिच्यावर पांढरे कण, कुणी रांगोळी उधळून द्यावी तसे. ते कण म्हणजे तारे नव्हेत, कॅमेऱ्यातलाच गोंगाट. आणि खालचा पट्टा संपूर्ण काळा, कारण चित्र पुरं पोचायच्या आत प्रसारण थांबलं.

त्या सप्टेंबरात धूळ बसली आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने वरून तिचं छायाचित्र काढलं. त्यात ती दिसत होती. एक ठिपका. मी तो ठिपका मोठा करत गेले, तो आणखी पुसट होत गेला. होती तिथेच होती, पडली नव्हती, मोडलेली दिसत नव्हती. हजाराहून अधिक आज्ञा पाठवून झाल्या. वाऱ्याच्या झोतांनी पटलांवरची धूळ उडून जाण्याचे दिवस आले, त्यांचीही वाट बघून झाली. आणि मग ती फेब्रुवारीतली सकाळ. एकूण ४५.१६ किलोमीटर. यापुढे तो आकडा बदलणार नव्हता.

ठिपके शोधण्यावरून एक फार जुनी गाडी आठवते. मंगळावर पोचलेली पहिली गाडी, बहुतेक जण समजतात तशी, नासाची सोजर्नर नव्हे. २ डिसेंबर १९७१ रोजी सोव्हिएत संघाचं मार्स ३ अलगद उतरलं, धुळीच्या वादळातच, आणि वीसेक सेकंदांत त्याचा आवाज बंद झाला. त्याच्या पोटात साडेचार किलोची एक छोटी गाडी होती. तिला चाकंही नव्हती, दोन पट्ट्यांवर पावलं टाकत ती सरकणार होती, पंधरा मीटर लांब तारेने मुख्य यानाला बांधलेली. ती गाडी एक पाऊलही गेली नाही. चाळीसेक वर्षांनी रशियातल्या काही हौशी मंडळींनी ठरवलं की आपण ती जागा शोधायची. वरून काढलेलं एकच चित्र, १८० कोटी पिक्सेलचं, त्यांनी आपसात वाटून घेतलं आणि कणाकणाने बघत बसले. कुणाचं त्यात काही लागत नव्हतं. २०१३ मध्ये जाहीर झालं, की एक पांढरट डाग हवाईछत्रीचा असावा, आणि त्याच्या आसपास बाकीचे अवशेषही जिथे असायला हवेत साधारण तिथेच दिसताहेत. मी त्या माणसांचा खूप विचार करते. रात्रीच्या रात्री पडद्यावर लाल माती सरकवत, न गेलेल्या एका गाडीला शोधणारी माणसं. त्यांना माझ्या आईने विचारलं असतं, काय मिळालं, तर त्यांनी काय सांगितलं असतं?

सोजर्नरचं तर याहून निराळं. १९९७ मध्ये ती उतरली तेव्हा सात सोलांसाठी आली होती, त्र्याऐंशी सोल चालली. शेवटी गप्प झालं ते तिचं लँडर, म्हणजे तिला घेऊन उतरलेलं, एका जागी उभं असलेलं यान. ती त्याच्यामार्फतच बोलायची, म्हणून तिचंही बोलणं तुटलं. संपर्क तुटला तर लँडरकडे परत यायचं आणि त्याच्याभोवती फिरत राहायचं, अशी आज्ञा तिच्यात आधीच भरलेली होती. त्यानंतर ती किती गेली, हे विचारायला कुणी नव्हतं.

मार्च २०२१ मध्ये मी आईला जाण्याचा आवाज ऐकवला. पर्सिव्हिअरन्स या नव्या गाडीवर मायक्रोफोन आहेत, आणि उतरल्यावर सोळाव्या सोलला तिने सत्तावीस मीटर चालताना स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित केला, सोळा मिनिटांचा. आईच्या कानांवर हेडफोन चढवले. आत सहा धातूची चाकं दगडांवरून जाताना खडखड, मध्येच थाळी आपटल्यासारखा ठणका, आणि एक बारीक, लांबच लांब करकर. आई डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं मिनिटभरात काढून ठेवेल. काढले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाली, “केवढी करकरतेय गं. तिथे तेल घालायलाही कुणी नाही.” आणि माझ्या लक्षात आलं की ती ‘करकरतेय’ म्हणाली. ‘करकरतंय’ नाही.

क्युरिऑसिटी अजून चालते आहे. २०१२ च्या ऑगस्टपासून गेल विवरात, मधल्या डोंगराच्या अंगाखांद्यावरून. तिची चाकं ॲल्युमिनियमची, मधला पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड; वर्षभरातच अणकुचीदार दगडांनी त्याला भोकं पडायला लागली. ठरावीक अंतर कापलं की ती हात वाकवून स्वतःच्या चाकांची छायाचित्रं काढते आणि ती चित्रं उघडायला मला दर वेळी धीर गोळा करावा लागतो. कडा उलटलेल्या, पत्रा कागदासारखा फाटलेला, आत अडकलेले खडे. ३० मे २०२४ रोजी ती एका दगडावरून गेली आणि जवळजवळ नऊशे किलोंच्या भाराखाली तो फुटला. आत पिवळेधमक स्फटिक. शुद्ध गंधक, मंगळावर पहिल्यांदाच. गंधकाची इतर संयुगं तिथे ढिगाने सापडली आहेत, पण निखळ गंधक कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती चित्रं मी तेव्हाच बघितली होती. पिवळं काहीतरी दिसलं, रंगाचा दोष असेल असं वाटलं, आणि मी पुढे गेले. माझा डोळा नेहमीप्रमाणे ती किती गेली तेच शोधत होता. जुलैत बातमी आली तेव्हा पुन्हा जाऊन ते चित्र काढलं आणि बराच वेळ बघत बसले. चाकाची धाव, तिच्याखाली चुरा झालेला दगड, आणि ते पिवळं. इतक्या वर्षांच्या बघण्यातही एवढं मोठं डोळ्यांसमोरून निसटलं, ही हळहळ अजून आहे.

दर सव्वीसेक महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो. सूर्याच्या आसपासच्या विद्युतभारित वायूत आज्ञा विस्कटून जायची भीती असते, म्हणून दोनेक आठवडे तिकडे आज्ञा पाठवत नाहीत. गाडी एका जागी उभी राहते, नेमून दिलेली थोडी कामं करते आणि थांबते. हे ठाऊक असतं, तारखा माहीत असतात, तरी ते दिवस जड जातात. मी फोन उघडते, शेवटच्या चित्रातला तोच दगड बघते, बंद करते. गेल्या वेळच्या त्या शांततेनंतर चित्रं पुन्हा यायला लागली तेव्हा संध्याकाळ होती. कालचं आणि आजचं चित्र मी शेजारी शेजारी लावत होते. आई खुर्चीत बसून चष्मा पुसत होती. मान वर न करताच तिने विचारलं,

“काय गं, ती गेली का?”

क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. मी तिच्याकडे बघितलं. तिने काचेवर फुंकर मारली, चष्मा उजेडाकडे धरला आणि उत्तराची वाट बघत राहिली.

“गेली,” मी म्हणाले. “तीस-बत्तीस मीटर.”